हे छापायचं नाही

निवांतरावांच्या घरात बोलण्याची एक रीत पडून गेली होती. काही सांगायचं असलं की आधी हात वर करून म्हणायचं, "हे छापायचं नाही हं!" आणि मगच पुढचं बोलायचं. मुलगी नोकरीतली फजिती सांगताना असं म्हणायची, बायको शेजारणीशी झालेली कुरबुर सांगताना म्हणायची. एकदा तर नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही म्हणाला होता, कारण त्याने भलताच पाइप कापला होता. सगळे हसायचे. निवांतरावही हसायचे, आणि बहुतेक वेळा छापायचे.

निवांतराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढता काढता त्यांनी गावातल्या दैनिकात 'निवांत' नावाचं सदर सुरू केलं, आणि निवृत्तीनंतर खात्यातलं नाव मागे पडून हेच चिकटलं. सदर रविवारच्या पुरवणीत यायचं. त्यात काय नसायचं? चौकात बसवलेलं आणि लगेच बंद पडलेलं नवं घड्याळ, दूर कुठल्या देशातली निवडणूक, सुतारकामाच्या हौसेपोटी त्यांनी स्वतः बनवलेलं तीन पायांवर उभं राहणारं आणि चौथा हवेत ठेवणारं स्टूल. पण लोक वाट बघायचे ती 'आमच्या गृहमंत्र्यां'ची. गृहमंत्री म्हणजे बायको. हा विनोद शिळा होऊन कैक वर्षं लोटली होती, पण चालणाऱ्या दुकानाची पाटी कोण बदलतो?

शनिवारी सकाळी निवांतराव बाहेर पडायचे ते न्हाव्याच्या दुकानात. दाढी हे निमित्त. तिथं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जायचं, मंत्र्यांपासून खेळाडूंपर्यंत सगळ्यांची बिनपाण्यानं व्हायची आणि निवांतरावांना कच्चा माल मिळायचा. तिथून चहाच्या दुकानात. जेवणाच्या वेळेला घरी, दुपारी लेख, संध्याकाळी पुरवणीची पानं लागायच्या आत दैनिकाच्या कचेरीला रवाना. इतकी वर्षं हे घड्याळ चुकलं नव्हतं, म्हणजे चौकातल्यापेक्षा बरंच होतं.

त्या शनिवारी न्हाव्याचं दुकान बंद होतं. दार ओढलेलं, पाटी नाही, निरोप नाही. चहाच्या दुकानात गेले तर तिथं दोघंच टाळकी, आणि दोघांचाही विषय चौकातलं घड्याळ. घड्याळाचा रस निवांतरावांनी मागच्याच रविवारी शेवटच्या थेंबापर्यंत काढला होता. अर्धा चहा टाकून ते घराकडे वळले. दुपारच्या लेखाला विषय नव्हता.

फाटकापाशी पोचता पोचता एक विषय सुचला. घरोघरी धूळ खात पडलेल्या हौसा! कुणाची सतार, कुणाचं व्यायामाचं यंत्र, आणि आमच्या गृहमंत्र्यांची सायकल. दोन वर्षांपूर्वीचा सायकलीचा लेख लोकांना अजून आठवत होता, त्याचा हा पुढचा भाग झाला असता. धूळ किती जमलीय ते एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून ते जिन्याखालच्या कोपऱ्यात गेले. जुनी चादर होती, नीट घडी करून पाण्याच्या मीटरवर ठेवलेली. सायकल नव्हती.

"चोरी!" निवांतराव ओरडतच पहारेकऱ्याच्या खोलीकडे निघाले. "अहो, तुम्ही इथं बसता की झोपता? भरदिवसा सायकल गेली माझी!"

पहारेकरी उठून उभा राहिला. तो घाबरला नव्हता, त्याची पंचाईत झाली होती.

"चोरी नाही साहेब. बाई घेऊन गेल्यात."

"कोण बाई?"

"बाई म्हणजे... आपल्याच."

"आमच्या? ती कुठली सायकल चालवतेय! कधीच सोडली तिनं."

पहारेकऱ्याने छताकडे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं. "दर शनिवारी जातात साहेब. तुम्ही न्हाव्याकडे गेलात की. मला म्हणाल्या होत्या, सांगू नका. आता तुम्ही चोरीच म्हणायला लागलात, तर मी काय करू? पुलाकडे जातात."

पुलापलीकडे ओळखीचं एकच घर होतं. बायकोची थोरली बहीण तिथं राहायची, तिला घरीदारी सगळे ताई म्हणायचे. ताई शाळेत गणित शिकवत. कुणी काहीही विधान केलं की त्या चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारायच्या, "कशावरून?" आज ऊन फार आहे. कशावरून? भाव वाढलेत. कशावरून? निवांतरावांच्या लेखांची कात्रणं त्या लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवायच्या. त्यामुळे निवांतराव पुलापलीकडे फारसे जात नसत. अलीकडे ताई थकल्यात, बाहेर पडत नाहीत, एवढं कानावर होतं. कशाने थकल्या, ते विचारायचं राहून गेलं होतं.

ते पुलाकडे चालायला लागले. राग आला होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. चालता चालता त्यांना तो जुना लेख आठवू लागला, आणि लेखाबरोबर लेखात न आलेलंही.

बायकोनं साठीला टेकता टेकता सायकल शिकायला घेतली ती ताईंकडे जाण्यासाठी. दोन बस बदलाव्या लागायच्या. निवांतराव "मी गाडीनं सोडतो" म्हणायचे, आणि शनिवार आला की लेख आडवा यायचा. म्हणून तिनं भाचीची जुनी सायकल आणली आणि इमारतीमागच्या मोकळ्या जागेत शिकू लागली. एका संध्याकाळी कुंपणाच्या झुडपात पडली. कोपर खरचटलेलं, एक चप्पल झुडपातच राहिलेली, केसांत काटक्या. निवांतराव मलम लावत होते आणि ती हसत सांगत होती, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. शेवटी म्हणाली, "आणि हो, हे छापायचं नाही हं!"

त्या आठवड्यात जगात काही म्हणजे काही घडलं नाही. निवांतरावांनी छापलं.

लेख झकास उतरला होता. आमच्या गृहमंत्री सायकलवर बसल्या की कुंपण आपणहून बाजूला होतं, वगैरे. वाण्यानं तिला विचारलं, "काय वहिनी, आज ब्रेक लागले का?" गल्लीतली पोरं तिला बघून घंटीचे आवाज काढायची. तिनं लेख वाचला, पेपराची घडी घातली आणि म्हणाली, "छान झालाय." ती एरवी मोजकंच बोलायची, म्हणून निवांतरावांना ते दोन शब्द फार मोलाचे वाटले. आठवडाभराने सायकलीवर चादर पडली. "गुडघा धरतो," ती म्हणाली. गुडघ्यावरही त्यांनी अर्धा परिच्छेद लिहिला.

पुलावर वारा होता. निवांतराव कठड्याला धरून थोडे थांबले. घरातलं बोलणं गेल्या दोन वर्षांत आटत गेलं होतं, हे त्यांना आत्ता लक्षात आलं असं नव्हे. लक्षात आलं होतं. वय झालं की माणसं कमी बोलतात, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. परगावी असलेल्या मुलीचा फोन आला की ती त्यांना तिकडची हवा सांगायची आणि मग म्हणायची, "आईला द्या." आई फोन घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दार लोटायची. "हे छापायचं नाही" असं घरात कुणी म्हटल्याला किती काळ झाला होता, ते त्यांना आठवेना. म्हणायची गरजच उरली नव्हती. छापण्यासारखं त्यांना कुणी सांगतच नव्हतं.

ताईंचं घर तळमजल्यावर होतं. भिंतीला सायकल टेकवलेली होती. साखळीला नुकतंच तेल दिलेलं, चाकांत टणक हवा, हँडलला अडकवलेली पिशवी. निवांतरावांनी टायर अंगठ्यानं दाबून पाहिला, का ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मग ते उघड्या खिडकीपाशी गेले.

आत ताई खुर्चीत बसल्या होत्या. बायको मागे उभी राहून त्यांचे केस विंचरत होती. ताईंच्या हातात आरसा होता, पण काचेची बाजू बाहेर आणि पाठ त्यांच्याकडे. त्या आरशाच्या पाठीकडे मन लावून बघत होत्या.

"आई आली का गं शाळेतून?" त्यांनी विचारलं.

"येईल इतक्यात," बायको म्हणाली. ते तिनं इतक्या सहज म्हटलं, की हा प्रश्न रोजचाच असणार हे निवांतरावांना कळून चुकलं. त्या दोघींची आई जाऊन कैक वर्षं झाली होती.

निवांतरावांनी दार वाजवलं. बायकोनं उघडलं. ती चिडली असती तर त्यांना सोसलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. पाहुणे आले की आपण पसारा आवरायला धावतो, तशी तिची नजर आधी मागे ताईंकडे गेली, आणि ती दारात आडवी उभी राहिली.

"तुम्ही इथं कसे?"

"न्हावी बंद होता," निवांतराव म्हणाले. इतक्या वर्षांच्या लेखकाला त्या वेळी एवढंच सुचलं.

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला.

"हे आलेत ताई. आमचे हे."

निवांतराव पुढे होऊन वाकले. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, पण अदबीने. "बसा ना. चहा घेणार?" मग त्यांनी धाकट्या बहिणीला खूण करून जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं. कानातलं सांगणं किती हळू असावं, हे त्या विसरल्या होत्या. साऱ्या खोलीला ऐकू आलं.

"जपून बोल हं याच्यासमोर. पेपरात लिहिणारा माणूस आहे."

नाव गेलं होतं, नातं गेलं होतं. ज्यांना पुस्तकभर सूत्रं पाठ होती, त्यांना आरशाची बाजू कळत नव्हती. आणि एवढं मात्र पक्कं बसलं होतं. निवांतरावांना कुणीतरी सगळ्यांदेखत थोबाडीत मारल्यासारखं झालं. ते बायकोच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"हे कधीपासून?"

"झालं की दीडेक वर्ष." तिनं भांडं शेगडीवर ठेवलं. "मुलगा-सून कामावर जातात. सांभाळायला बाई आहे, पण शनिवारी ती येत नाही. म्हणून मी येते."

"आणि मला कुणी सांगितलंही नाही?"

तिनं वळून पाहिलं. "सांगितलं होतं. सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगितलं. ताईचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला, त्या संध्याकाळी."

निवांतरावांना आठवलं. चांगलंच आठवलं, कारण ते वाक्य त्यांचं स्वतःचं लाडकं होतं: 'आमच्या थोरल्या मेहुणीबाई हल्ली चष्मा फ्रीजमध्ये ठेवतात, जगाकडे जरा थंड नजरेनं बघता यावं म्हणून.' न्हाव्यानं ते कापून आरशाच्या कोपऱ्यात खोचलं होतं.

"मी घाबरून सांगत होते हो," ती म्हणाली. "तुम्ही हसलात. मला वाटलं, धीर द्यायला हसताय."

"पण तू म्हणाली नाहीस... छापायचं नाही म्हणून."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, जीभ झडली असती तर बरं. ती मात्र शांतपणे चहात साखर घालत होती.

"नाही म्हणाले. असल्या गोष्टीलाही ते म्हणावं लागतं, हे सुचलंच नाही मला."

"ताईंनी वाचलं?"

"तेव्हा वाचता यायचं तिला. दोनदा वाचलं. लाल पेन्सिल घेतली, पण कुठंच खूण केली नाही. मग मला विचारलं, 'म्हणजे लोकांना कळलं का गं?' त्यानंतर मैत्रिणींकडे जायची बंद झाली ती झालीच." तिनं चहा गाळला. "मलाही कळेना, तुम्हाला पुढचं सांगावं की नाही. आज ती आईला शोधतेय, उद्या चपला उशीखाली ठेवते. लिहायला बसलं तर मजेमजेच्याच गोष्टी आहेत सगळ्या."

निवांतरावांनी चहाचा कप हातात घेतला आणि तसाच ठेवला. मला माफ कर, असं त्यांना म्हणायचं होतं. पण त्यांची सगळी वाक्यं इतकी घासून गुळगुळीत झालेली होती, की हेही लेखातल्यासारखंच वाटेल, या भीतीनं ते गप्प राहिले. आणि गप्प राहिल्याचं त्यांना पुढे फार दिवस वाईट वाटत राहिलं.

ताईंचा मुलगा शनिवारचं अर्ध्या दिवसाचं काम उरकून आला, तेव्हा दोघं निघाले. "तुम्ही सावकाश या," ती म्हणाली. "मी पुढं होते, स्वयंपाक पडलाय." सायकल दोन पावलं ढकलून ती झोकात बसली. निवांतरावांनी तिला सायकल चालवताना असं कधी पाहिलंच नव्हतं. पाठ ताठ, नजर समोर, वळणावर हात दाखवला, समोरून येणाऱ्या टेम्पोला घंटी वाजवली, पुलाचा चढ न उतरता काढला. कुंपण आपणहून बाजूला होण्याचे दिवस कधीच गेले होते. बघता बघता त्यांचा ऊर भरून आला. आणि त्याच क्षणी डोक्यात ओळ जुळू लागली: 'परवा पुलावर एक वेगवान मंत्रिमंडळ...'

निवांतराव भर रस्त्यात थांबले. इतकी स्वतःची किळस त्यांना कधी आली नव्हती.

संध्याकाळी कचेरीतून पुरवणी बघणाऱ्या मुलीचा फोन आला. "काका, लेख? पान थांबलंय."

"लेख नाही. यापुढेही नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या."

"अहो, असं काय एकदम? बरं नाही का?"

"बरं आहे. लिहिण्यासारखं काही घडलं नाही."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. निवांतराव त्यांच्या लंगड्या स्टुलावर बसले होते, आणि ते नेहमीसारखं एका बाजूला कलंडत होतं.

"लोक विचारतील," ती म्हणाली.

"विचारू देत. पुढच्या शनिवारी मी येऊ का गं ताईंकडे? चालत येईन मागून."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "या. पण ताईला सांगावं लागेल, तुम्ही आता लिहीत नाही म्हणून. नाहीतर ती मोकळी व्हायची नाही."

"सांग की मग."

"सांगेन हो. पण तिच्या लक्षात राहणार नाही. दर वेळी नव्यानं सांगावं लागेल." एवढं म्हणून ती आत गेली. रात्री लेकीचा फोन आला तेव्हा तिनं दार लोटलंच.

पुढच्या शनिवारी निवांतराव गेले. सोबत काही न्यावं म्हणून त्यांनी संत्री घेतली होती. सायकल आधीच भिंतीला टेकलेली होती. ताई खुर्चीत होत्या, केस विंचरून झालेले, चष्मा डोळ्यांवर. त्यांनी निवांतरावांना वर-खाली न्याहाळलं, बसा म्हणाल्या, आणि धाकट्या बहिणीचा हात धरून तिला खाली वाकवलं.

"जपून बोल हं. पेपरात लिहिणारा माणूस आहे."

"नाही गं ताई," बायको म्हणाली. "सोडलं त्यांनी. आता नाही लिहीत ते."

ताईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. क्षणभर त्यांची नजर अगदी पहिल्यासारखी झाली, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी. ती निवांतरावांवर येऊन थांबली.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

निवांतरावांनी बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून संत्रं सोलत होती. तीही उत्तराची वाट बघत होती.